काळ्याकडून करड्याकडे

गोंदण म्हटलें कीं माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढें आजीच्या हातावरील तुळस आणि कपाळावरील हिरवट टिंब उभें राहतें. त्या गोंदणांत रेषा होत्या, ठिपके होते, छाया नव्हती. माझा पुतण्या हीच कला शिकून माणसाचा चेहरा, गालावरील उजेडासह, कातडीवर उतरवूं लागला, तेव्हां घरांतील वडील मंडळी नाराज झाली. मला मात्र कुतूहल वाटलें. मीं पुष्कळ वर्षें शाळेंत चित्रकला शिकविली आहे. कोळशाची छाया बोटानें हलकेंच पसरावी, हें मुलांना सांगण्यांत माझें आयुष्य गेलें. येथें तर बोट फिरवून कांहींच पुसतां येत नाहीं!

या शैलीचें मूळही विचार करण्याजोगें आहे. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतील मेक्सिकन वंशाच्या कैद्यांना रंगीत शाई मिळत नसे. एक सुई व काळी शाई, एवढ्यावर त्यांनीं करड्याच्या नाना छटा साधल्या. १९७५ सालीं चार्ली कार्टराइट व जॅक रूडी यांनीं पूर्व लॉस अँजेलिस येथें दुकान थाटलें, आणि तुरुंगांतील ही कला राजरोस बाहेर आली.

करड्यासाठीं बहुधा निराळा रंग लागत नाहीं. काळ्याच शाईंत निर्जंतुक पाणी कमीअधिक घालून तीन-चार लहान वाट्या तयार करितात. ती पातळ शाई विरळ ठिपक्यांनीं कातडीत बसली, म्हणजे मधली कोरी कातडीच उजेडाचें काम करिते. सुयांची चपटी रांग किंचित् तिरपी धरून हात झोक्यासारखा न्यावयाचा आणि प्रत्येक झोक्याच्या शेवटीं अलगद उचलावयाचा. तेणेंकरून ठिपके आपोआप विरळ होत जातात. गडद भागाच्या कडेवर पुढची फिकट छटा थोडीशी चढविली, कीं सांधा दिसत नाहीं. सुई सुमारें १ ते २ मिलिमीटर खोल जावी. उथळ गेली तर वरच्या कातडीबरोबर शाई झडते. फार खोल गेली तर फुटून डाग पसरतो. एकाच जागीं वारंवार घासल्यास वण उरतो. शिवाय जखम भरल्यावर छटा फिकी पडते. म्हणून आज दिसतें त्यावर विसंबून चालत नाहीं. शंका आली तर फिकट ठेवावें. फिकटावर पुढें गडद चढवितां येतें. गडद फिकट करणें सुईच्या हातीं नाहीं.

गेल्या वर्षीं एक तरुणी दिवंगत वडिलांचें छायाचित्र घेऊन आली. तो चेहरा तिला दंडावर हवा होता. पुतण्यानें कृत्रिम कातडीवर तोच चेहरा दोनदां काढून पाहिला, गालाची छटा मनाजोगी उतरेना, तेव्हां त्यानें तिला आपल्या गुरूंकडे पाठविलें. वहिनींनीं विचारलें, “आलेलें गिऱ्हाईक कां रे परत लावलेंस?” तो म्हणाला, “आई, कागद फाडतां येतो. तिला हा चेहरा रोज पाहावयाचा आहे.”

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. माझे थोरले बंधु, ज्यांनीं या धंद्याचें नांवही घरांत काढूं दिलें नव्हतें, त्यांनीं त्या रात्रीं चष्मा लावून तीं दोन्हीं चित्रें मागून घेतलीं आणि बराच वेळ दिव्याशीं धरून पाहिलीं.