मशीनला दम नाही

पनवेल तालुक्यात कुठेही उभं राहा, पिवळं मशीन नजरेला पडतंच. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याचा डोंगर फोडला, नदीचा प्रवाह वळवला, खाजणात भराव टाकला, तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी घरांनी मोबदल्याच्या पैशांतून नाहीतर कर्ज काढून डंपर आणि जेसीबी घेतले. २५ डिसेंबर २०२५ ला तिथून प्रवासी विमानं सुटू लागली. ते मोठं काम सरलं. आता मशीनं घरांच्या पायांना, गटारांच्या चरांना आणि शेताच्या बांधांना लागतात. माझं मशीन त्यांतलंच, तिसऱ्या हातचं. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता.

नेऱ्याच्या पुढे एका घराचा पाया खोदायला घेतला होता. वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पत्थर. सकाळी मशीन सरळ खोदायचं. ऊन चढलं की बकेट मुरमात रुतायची आणि तिथेच थांबायची. पुढचा लोडर भरून उचलताना अर्ध्यात रेंगाळायचा. मागचे पाय जमिनीला टेकवून दाबले की मशीनचा मागचा भाग वर उचलला गेला पाहिजे. दुपारी तो उचलेना. मे महिना होता. पाऊस पडायच्या आत पाया भरून झाला नाही, तर ते घर दिवाळीपर्यंत लांबणार होतं. ऑपरेटर बिहारचा, हाताला तयार. त्याने निकाल देऊन टाकला, "पंप गया, शेठ."

कळंबोलीला स्पेअर पार्टच्या दुकानात विचारलं, तिथेही तेच. मिस्त्रीला फोन केला, त्याने मशीन न बघताच पंप सांगितला. पंप सांगणं सोपं असतं. मशीनमधली ती महागातली वस्तू, आणि सांगणाऱ्याच्या खिशातून त्यातला एक रुपयाही जात नाही. पंप बदलूनही फरक पडला नाही तर "वाल्व पण गेला असेल" हे उत्तर तयारच असतं. अशा दोन निकालांत कर्जाचे हप्ते थकलेली माणसं मी आमच्याच गावात पाहिली आहेत.

मी ऑपरेटरला एकच विचारलं, "मशीन मंद चालतंय की ढिलं?" त्याला वाटलं शेठ शब्दांचा खेळ करतायत. पण हायड्रॉलिकमध्ये या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तेल मिनिटाला किती लिटर येतं यावर वेग ठरतो, आणि ते किती दाबाने येतं यावर ताकद. रिकामी बकेट सावकाश हलत असेल तर तेल कमी पोचतंय. रिकामी झपकन हलते पण मातीत शिरली की थांबते, म्हणजे दाब तयार होत नाही. आमचं दुसरं होतं. रिकाम्या हाताला मशीन चपळ, ओझ्याला नालायक.

दुसरी गोष्ट, सगळंच ढिलं की एकच काम? फक्त बूम ढिला असता तर मी बूमच्या जॅकचं सील, नाहीतर त्या लाइनचा वेगळा रिलीफ वाल्व पाहिला असता. इथे लोडर, बकेट, पाय, सगळेच एकदम बसले होते. म्हणजे दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर: टाकी, सक्शनचा पाइप, पंप आणि दाब मर्यादेवर गेला की तेल टाकीला सोडून देणारा मेन रिलीफ वाल्व. एवढ्या विचाराने अर्धं मशीन संशयातून सुटलं. स्टिअरिंग मात्र हलकं होतं, म्हणून पंप ठणठणीत आहे असं आमच्या शेजाऱ्याचं म्हणणं. तेही पुरतं खरं नाही. स्टिअरिंगला बराच कमी दाब पुरतो, दमलेला पंपही तेवढा देतो.

टाकीपासून सुरुवात केली. तेलाची पातळी बघताना लोडर जमिनीवर आणि मागचा हात घडी करून ठेवावा लागतो. जॅक बाहेर आले असतील तर तेल त्यांच्यात जाऊन बसतं आणि टाकी कमी दाखवते. पातळी ठीक होती. तेलावर फेस नव्हता, म्हणजे सक्शनमधून हवा ओढली जात नव्हती. पंपाचा कर्कश आवाजही नव्हता. तेल दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नव्हतं. पण रंग काळपट होता आणि वास करपट. फिल्टर काढला तर चोंदलेला. फिल्टर चोंदला की बायपास उघडतो आणि घाण तेल तसंच फिरत राहतं; मशीन बंद पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. फिल्टर बदलला, तेल बदलून ६८ नंबरचं भरलं. दुपारचा ढिलेपणा थोडा कमी झाला. थोडाच.

मग इंजिन ऐकलं. बकेट पूर्ण आत घेऊन लिव्हर तसाच धरला, ॲक्सिलरेटर पूर्ण. पंप जोर लावत असेल तर अशा वेळी इंजिनवर भार येतो, आरपीएम दबतो, आवाज जड होतो. आमचं इंजिन काही घडलंच नाही असं चालत राहिलं. इंजिनच अशक्त असतं तर ते दबलं असतं, त्याने धूर सोडला असता. त्याच्यापर्यंत भार पोचतच नव्हता. दाबाखालचं तेल मध्येच कुठूनतरी परत पळत होतं.

आता गेजशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. प्रेशर गेज ही पंपाच्या मानाने किरकोळ वस्तू आहे, तरी आमच्याकडच्या मशीनमालकांत ती क्वचितच कुणाकडे सापडते. टेस्ट पॉइंटच्या आट्याला बसेल असा ॲडॅप्टर तयार मिळेना, तो तळोजा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतला. माझ्या मशीनच्या पुस्तकात मेन रिलीफचा दाब सुमारे ३३०० पीएसआय दिला आहे. सकाळी थंड मशीनवर काटा ३००० पर्यंत गेला. जेवणाच्या वेळी, तेल तापल्यावर, १९०० च्या पुढे सरकेना. तेल तापलं की पातळ होतं आणि बारीक फटीतूनही निसटतं.

मिस्त्री एव्हाना येऊन पोचला होता. तो लगेच मेन रिलीफचा स्क्रू कसायला निघाला. हा आमच्याकडचा सर्रास उपाय आहे, आणि गेज न लावता केला तर घातक. स्प्रिंग शाबूत असताना स्क्रू कसला तर सकाळी थंड तेलावर दाब मर्यादेबाहेर जातो. पाइप फुटतात, पंपाची बॉडी तडकते. मी म्हटलं, "उस्ताद, गेज बघत जरासाच फिरवा." त्याने फिरवला. काटा हलला नाही. स्क्रू परत होता तिथे आणला. स्प्रिंग कमजोर असती तर स्क्रूसोबत दाब वाढला असता. याचा अर्थ तेल स्प्रिंगला न जुमानता बाजूने जात होतं, नाहीतर पंपातूनच येत नव्हतं.

या दोन शक्यतांत निवड करायला हात उपयोगी पडला. लिव्हर काही सेकंद ताणून धरायचा, सोडायचा, मग वाल्व ब्लॉकला वेगवेगळ्या ठिकाणी बाहेरून हात लावून पाहायचा. दाबाचं तेल जिथून निसटतं तिथे सगळी ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. मेन रिलीफ बसवला होता तो कोपरा बाकीच्या ब्लॉकपेक्षा स्पष्ट जास्त तापला होता. हे धातूच्या ब्लॉकबद्दल सांगतोय. चालू मशीनच्या पाइपवरची गळती बोटाने कधीही शोधू नये. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीत घुसतं. जखम टोचल्यासारखी दिसते, पण वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही जातो. गळतीपुढे पुठ्ठा धरावा.

बकेट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केलं, लिव्हर इकडेतिकडे हलवून लाइनमधला दाब सोडला आणि रिलीफ वाल्व बाहेर काढला. त्याच्या अंगावरची ओ-रिंग प्लास्टिकसारखी कडक झालेली, एका बाजूने कापलेली. शेजारची बॅकअप रिंग तुटून तिचा तुकडा गायब. वर्षानुवर्षं तापलेल्या तेलात रबराचं हेच होतं. गायब तुकडा सापडेपर्यंत मिस्त्रीला वाल्व बसवू दिला नाही; तुकडा पुढे जाऊन वाल्वच्या एखाद्या स्पूलमध्ये अडकला असता तर नवं दुखणं सुरू झालं असतं. तो रिलीफच्या खोबणीतच मिळाला. कळंबोलीहून मापाच्या नव्या रिंगा आणल्या. गरम तेलावर काटा २८०० ला गेला आणि मागचे पाय मशीनला उचलू लागले.

पण २८०० म्हणजे ३३०० नव्हे. उरलेली तूट पंपाची आहे. गिअर पंपाच्या बाजूच्या प्लेटा झिजल्या की गरम तेल आतल्या आतच मागे सरकतं. ऑपरेटरचं निदान अगदीच चूक नव्हतं, फक्त त्याचा नंबर दुसरा होता. नेऱ्याचा पाया त्याच पंपावर पावसाआधी पूर्ण झाला. पंप मी पावसाळ्यात, मशीन उभं असताना उतरवणार आहे, आणि तोही आधी फ्लो मोजून.

जुनं मशीन घ्यायला निघालेल्यांना एवढंच सांगेन. विकणारा सकाळी बोलावतो, थंड मशीनवर दोन बकेटा मारून दाखवतो आणि टोकन मागतो. तुम्ही दुपारी जा. तासभर मुरमात चालवायला लावा, मग पूर्ण ॲक्सिलरेटरवर बकेट ताणून धरायला सांगा आणि इंजिन दबतं का ते ऐका. जमलं तर गेज सोबत न्या. गेज लावू देत नसेल तर व्यवहार तिथेच सोडून घरी या.