चारशे नव्व्याण्णव रुपयांची पावती

ती पावती अजून माझ्या फोनमध्ये आहे. वर सरकारी मुद्रेसारखं काहीतरी, खाली अर्ज क्रमांक, त्याखाली 'प्रक्रिया शुल्क ₹४९९ प्राप्त' आणि कोपऱ्यात निळी, तिरकी सही. अर्जदार म्हणून माझ्या धाकट्या बहिणीचं नाव. मध्ये फोन बदलला, जुने फोटो उडवले, पण ही पावती ठेवली. कारण ते पैसे भरायला मीच तिला सांगितलं होतं.

आमचा तांडा पोहरादेवीपासून चार किलोमीटरवर. पोहरादेवी म्हणजे संत सेवालाल महाराजांची समाधी, रामनवमीची यात्रा आणि त्या दिवसांत देशभरातून येणारा गोरमाटी समाज. यात्रा उठली की ते मानोरा तालुक्यातलं एक साधं गाव असतं. सोयाबीन, तूर, थोडी कपाशी. पावसानं दगा दिला की काही घरांना कुलूप लागतं आणि माणसं ऊसतोडीला जातात. तांड्यातून कॉलेजात गेलेल्या पहिल्या चार-पाच पोरांमधला मी. माझ्या डिप्लोमाची फी महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीतून निघाली, तेव्हापासून सगळ्यांचा समज की ऑनलाइनचं जे काही असेल ते या पोराला कळतं. पुण्यात नोकरीला लागलो तरी फोन यायचे. 'पासवर्ड विसरला', 'अर्ज वापस आला', 'ओटीपी येऊन नाही राहिला.' मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्याच दिवशी पीएम किसानचा अठरावा हप्ता सुटला. बापूच्या फोनवर दोन हजार जमा झाल्याचा मेसेज आला आणि त्यानं तो शेजाऱ्यांनाही दाखवला. सरकारचा पैसा मधल्या कोणाच्या हातात न जाता फोनवर टुण्ण वाजून येतो, हे तांड्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे आठवड्याभरात जेव्हा व्हॉट्सॅपवर 'बंजारा समाजातील विद्यार्थ्यांसाठी विशेष शिष्यवृत्ती, ₹५०,००० थेट खात्यात, शेवटचे तीन दिवस' असा मेसेज फिरायला लागला, तेव्हा कोणाच्याच कपाळावर आठी पडली नाही.

बहीण तेव्हा अमरावतीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नव्हतं, खोलीचं दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं आणि महाडीबीटीचा अर्ज कॉलेजच्या पातळीवर अडकून पडला होता. तिनं मला लिंक पाठवली. मी शिफ्टच्या चहाच्या सुट्टीत होतो. अर्धा मिनिट पाहिलं असेल. पान मराठीत होतं, रंग ओळखीचे होते, पत्त्यात 'महाडीबीटी' हा शब्दही होता.

"दादा, चारशे नव्व्याण्णव मागून राहिले. भरू का?"

"भरून टाक. पन्नास हजारांपुढं काय आहेत?"

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी ती लिंक तांड्याच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'चेक केलं आहे. पोरांनी भरून घ्या.'

दुसऱ्या दिवशी तिला फोन आला. बोलणारा माणूस अदबीनं बोलत होता. तिचं कॉलेज, तिचा विषय त्याला माहीत होता. ते सगळं तिनंच फॉर्मात भरलेलं होतं. खातं पडताळणीसाठी १,९९९ रुपये. तिसऱ्या दिवशी 'आगाऊ टीडीएस, रकमेसोबत परत मिळेल' म्हणून ६,५००. ते बापूनं सोयाबीन विकून दिले. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर होता आणि व्यापारी चार हजारांच्या आसपास घेत होते. म्हणजे एकूण ८,९९८ रुपये. सव्वादोन क्विंटल सोयाबीन. त्यानंतर तो नंबर लागला नाही.

मी बहिणीवर आधी चिडलो, हे लिहायला जड जातं. "पैसे मागितले तेव्हाच तुला संशय यायला पाहिजे होता," असं म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "दादा, पैसे मागितले म्हणूनच तर मला खरं वाटलं."

या वाक्यावर मी नंतर बरेच दिवस विचार केला. तिचं काय चुकलं होतं? तिच्या आजवरच्या अनुभवात फुकट असं काहीच नव्हतं. उत्पन्नाचा दाखला काढायचा तर सेतू केंद्राचे पैसे, झेरॉक्स, फोटो, मानोऱ्याला जायचं जीपचं भाडं, बापूची बुडालेली मजुरी. नॉन-क्रिमीलेअरसाठी पुन्हा तेच. पुढं जात पडताळणीसाठी वाशिमच्या चकरा. आम्ही विमुक्त जातींत मोडतो, त्यामुळे २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून आपलं कुटुंब महाराष्ट्रातलं असल्याचा पुरावा द्यावा लागतो. बैलांवर मीठ-धान्य लादून फिरणाऱ्या, १८७१ च्या कायद्यानं ठिकठिकाणी गुन्हेगार ठरवलेल्या लोकांच्या घरात १९६१ च्या आधीचा कागद कुठून असणार? आमचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत. शेवटी चुलत आजोबांचं नाव एका जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडलं. तो उतारा मिळवायला बापूनं किती जणांना चहा पाजला, त्याचा हिशोब कुठंच नाही.

अशा घरातल्या पोरीला एखादी खिडकी म्हणाली, 'चारशे नव्व्याण्णव दे, मग तुझं काम होईल,' तर ती खिडकी तिला ओळखीचीच वाटणार. खरी व्यवस्था आधार मागते, ओटीपी मागते, मुदत घालते, 'सर्व्हर डाउन' म्हणते आणि 'नंतर या' म्हणते. खोटी व्यवस्थाही हेच करते, फक्त जरा जास्त गोड बोलते. भामट्यांनी तिच्या हावरेपणाचा फायदा घेतला नव्हता. तिला लागलेल्या सवयीचा घेतला होता.

म्हणून आता कोणी विचारलं तर मी एकच खूण आधी सांगतो: पैसा कुठून कुठं चालला आहे ते बघ. कागद काढायला खर्च येतो, सेतूवाला फॉर्म भरून द्यायचे पैसे घेतो, ते वेगळं. पण शिष्यवृत्ती मंजूर करण्यासाठी, 'रिलीज' करण्यासाठी, खातं 'ॲक्टिव्ह' करण्यासाठी महाडीबीटी किंवा राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल विद्यार्थ्याकडून एक रुपयाही मागत नाही. टाटा, रिलायन्स यांच्यासारख्यांच्या संस्था शिष्यवृत्त्या देतात, त्यांच्या अर्जालाही सहसा फी नसते. शिष्यवृत्तीसाठी तुमच्याकडून आगाऊ टीडीएस भरून घेण्याची पद्धत कुठंच नाही. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

दुसरी खूण पत्त्याची. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता सहसा 'जीओव्ही डॉट इन'वर संपतो. राज्याचा असेल तर त्याच्या आधी बऱ्याचदा 'महाराष्ट्र' असतं. आमच्या लिंकमध्ये महाडीबीटी हा शब्द होता, पण शेवट भलताच होता. नाव कोणीही लावू शकतं, शेवट बघायचा. मेसेजमधली लिंक उघडायचीच नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा. व्हॉट्सॅपवर आलेली एपीके फाइल तर हातही न लावता उडवायची.

पैसे गेले असतील तर लाज बाजूला ठेवून लगेच १९३० ला फोन करायचा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायची. जितका उशीर, तितका पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढं सरकतो. आम्ही दुसऱ्या दिवशी फोन केला. शेवटचे ६,५०० वाटेतल्या एका खात्यात अडवले गेले आणि पुष्कळ कागद करून काही महिन्यांनी परत आले. पहिले दोन हप्ते गेले ते गेले.

आपण सावध राहिलो की झालं, असंही नाही. केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयानं शिष्यवृत्ती घेणाऱ्या १,५७२ संस्था तपासल्या, तेव्हा त्यातल्या ८३० बोगस किंवा बंद निघाल्या. १४४.८३ कोटींचं नुकसान झाल्याचं दिसलं आणि २०२३ मध्ये प्रकरण सीबीआयकडे गेलं. म्हणजे खऱ्या पोर्टलवरही खोटे विद्यार्थी उभे करता येतात. त्यासाठी लागतात ते कोणाचे तरी आधार नंबर आणि कोणाची तरी बँक पासबुकं. म्हणून 'तुझं मी सगळं करून देतो, पासवर्ड माझ्याकडेच राहू दे' म्हणणाऱ्यापासूनही जपायचं. तो ओळखीचा असला तरी. तो मी असलो तरी.

दिवाळीला घरी गेलो. आमच्याकडे अमावास्येच्या रात्री तांड्यातल्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघरी 'मेरा' म्हणत फिरतात. बहीणही गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरांत मी गेलो. ग्रुपवर 'ती लिंक खोटी होती' असं आधीच टाकलं होतं, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. 'चेक केलं आहे' हे मी लिहिलं होतं आणि चार घरांनी माझ्या त्या शब्दावर पैसे भरले होते. तिघांनी 'जाऊ दे, तुझीही फसगतच झाली' म्हणत पैसे घेतले नाहीत. चौथ्या घरातल्या काकीचा मुलगा बारावीला होता. ती म्हणाली, "तू म्हणला म्हणून भरले, नाही तर मी कशाला भरते?" मी पाचशेची नोट पुढं केली. तिनं ती घेतली, आत गेली आणि एक रुपया आणून माझ्या हातावर ठेवला. त्या सकाळी मला तिच्या घरातच सगळ्यात बरं वाटलं.

मग बहिणीचा खरा अर्ज उघडून बसलो. अर्ज कॉलेजनं परत पाठवला होता, कारण जोडलेला उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा होता. तो मेसेज तिच्या लॉगिनमध्ये केव्हाचा पडून होता. आम्ही दोघंही पन्नास हजारांच्या मागे होतो, तो कोणी वाचलाच नव्हता. दुसरी अडचण आधारची. तिच्या नावावर दोन खाती होती. फॉर्मवर ती अमरावतीचं खातं दाखवत होती, पण आधार जोडलं होतं लहानपणी गावात उघडलेल्या, बंद पडल्यासारख्या खात्याला. सरकारी पैसा आधारला शेवटचं जे खातं जोडलं असेल तिथंच जातो. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की ते दोन मिनिटांत कळतं. दाखला नवीन काढला, बँकेत जाऊन आधार बदलून घेतलं. सगळं तिनं केलं. पासवर्डही तिनंच ठेवला. मी फक्त शेजारी बसलो होतो.

आता सुट्टीत घरी गेलो की पोरं फोन घेऊन ओट्यावर येतात. मी फॉर्म भरून देत नाही. त्यांनाच भरायला लावतो आणि कुठलाही नवा मेसेज असेल तर पत्त्याचा शेवट मोठ्यानं वाचायला सांगतो. मला माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणतो. हे म्हणायला मला सव्वादोन क्विंटल लागले.

बहिणीच्या शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता आला तेव्हा तिची परीक्षा होऊन गेली होती. भाडं बापूनं उसनं आणून भरलं होतं. तिनं मला जमा झाल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवला. मी लिहिलं, 'मेसेजवर जाऊ नको, आधी पासबुक छापून आण.'

लगेच दुसरा फोटो आला. छापलेलं पासबुक होतं. खाली तिनं लिहिलं होतं, 'आधी तेच केलं. मग तुला पाठवलं.'