ओळख न पटलेला माणूस

एका शब्दापाशी मी जवळजवळ आठवडाभर अडून बसले होते. पदव्युत्तर वर्गापुढे छायाचित्रे आणि स्थानिक इतिहास या विषयावर बोलायचे होते. त्यासाठी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील क्वेनेल या लहानशा गावाची, शंभर वर्षांपूर्वीची काही छायाचित्रे निवडली होती आणि त्यांच्याखालच्या ओळी मराठीत करत होते. बहुतेक ओळी सोप्या होत्या. अडले ते ज्यांचे नाव आज कुणालाच सांगता येत नाही, अशा माणसांपाशी. इंग्रजीत त्यांच्यासाठी एक कोरडा, दफ्तरी शब्द आहे. मराठीत काय लिहावे? 'अनोळखी' म्हटले तर तो परका ठरतो. आणि त्या एवढ्याशा गावात तर त्याला चारचौघे नक्कीच ओळखत असणार. 'अज्ञात' म्हटले की वर्तमानपत्रातले धडक देऊन पळालेले वाहन आठवते. 'ओळख न पटलेला' हे अर्थाच्या सर्वांत जवळ जाते. पण ते शब्द आपण बेवारस मृतदेहांसाठी राखून ठेवले आहेत.

मुलगा काही वर्षे प्रिन्स जॉर्जला होता, तेव्हा त्याच्याकडून दक्षिणेला जाताना वाटेत क्वेनेल लागले होते. फ्रेझर आणि क्वेनेल या दोन नद्यांचा संगम, लाकडाचा व्यापार, दोन-चार रस्ते. तिथून पूर्वेला डोंगरात बार्करव्हिल आहे. १८६२ साली तिथे सोने सापडले आणि गाव उभे राहिले. १६ सप्टेंबर १८६८ रोजी ते जवळजवळ सगळे जळाले. फ्रेडरिक डॅली या छायाचित्रकाराने आगीपूर्वीचा मुख्य रस्ताही टिपला होता आणि नंतरची राखही. पुढे सोने संपले, माणसे गेली, आणि १९५८ मध्ये प्रांतिक सरकारने ते गाव वारसास्थळ म्हणून जपायला घेतले. जुनी छायाचित्रे हाताशी असली म्हणजे घराची पुनर्बांधणी करता येते. खिडक्या किती होत्या, पाटी कुठे होती, हे मोजून पाहता येते. माणसांच्या बाबतीत तसे होत नाही, हे मला फार उशिरा कळले.

मी निवडलेली छायाचित्रे डॅलीची नव्हती. ती चाउ डाँग हॉय याची होती. चिनी रीतीने आडनाव आधी येते, म्हणजे याचे आडनाव चाउ. कॅनडात ते उलटे धरले गेले आणि तो जन्मभर सी. डी. हॉय म्हणून ओळखला गेला. (इतरांची नावे हरवण्याविषयी लिहिताना हे बाजूला ठेवता येत नाही.) १८८३ साली दक्षिण चीनमध्ये जन्मलेला हा माणूस १९०२ मध्ये कॅनडात आला, बशा धुण्यापासून स्वयंपाकापर्यंत पडेल ते काम त्याने केले, १९०९ मध्ये बार्करव्हिलला पोहोचला आणि तिथे आपले आपण छायाचित्रण शिकला. पुढे क्वेनेलमध्ये त्याने दुकान काढले. १९०९ ते १९२० या काळात त्याने १५०० हून अधिक छायाचित्रे काढली, आणि त्यांतली बहुसंख्य व्यक्तिचित्रे आहेत. कित्येकदा मागे नुसती एखादी चादर टांगलेली, पुढे एक खुर्ची. प्रती गिऱ्हाइकांबरोबर गेल्या. निगेटिव्ह हॉयकडे राहिल्या. तो १९७३ पर्यंत जगला. आज त्या निगेटिव्ह बार्करव्हिलच्या अभिलेखागारात आहेत. १९९९ मध्ये फेथ मूसँग यांनी त्यांवर 'फर्स्ट सन' हे पुस्तक सिद्ध केले, आणि माझ्यासारख्यांना ती चित्रे पाहायला मिळाली.

हॉयच्या खुर्चीत गोरे बसले, चिनी बसले, आणि त्सिल्कोतिन व डाकेल या आदिवासी समाजांची माणसेही बसली. १८६४ साली वसाहतीच्या रस्त्याला सशस्त्र विरोध करणाऱ्या त्सिल्कोतिनांच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून बोलावून अटक झाली, आणि त्यांतल्या पाच जणांना याच क्वेनेलमध्ये फाशी देण्यात आले. ते निर्दोष होते असे प्रांतिक सरकारने २०१४ मध्ये आणि संघ सरकारने २०१८ मध्ये जाहीर केले. फाशीनंतर पन्नासेक वर्षांनी त्याच गावात हॉयपुढे त्सिल्कोतिन माणसे उभी आहेत: रुंद कडांच्या टोप्या, गळ्यात रुमाल, नजर थेट भिंगात. त्या काळी कॅमेरा घेऊन आदिवासींकडे जाणारे पुष्कळ होते; पण त्यांना हवा होता 'लोप पावणारा' आदिवासी. हॉयला फक्त गिऱ्हाईक हवे होते. पैसे देऊन, आपल्या आवडीच्या कपड्यांत, आपल्या घरासाठी काढवून घेतलेली ही चित्रे आहेत. ती खरी वाटतात याचे श्रेय मी हॉयच्या कलेइतकेच या व्यवहाराला देते. या समाजांतली वडीलधारी माणसे अजून त्याच परिसरात आहेत, आणि 'ही माझी आजी' असे सांगणारे कुणीतरी भेटू शकते.

चिनी पुरुषांचे तसे नाही. कॅनडात येणाऱ्या बहुतेक चिनी माणसांवर १८८५ पासून ५० डॉलरचा प्रवेशकर होता. तो वाढवत १९०३ पर्यंत ५०० डॉलर केला गेला. १९२३ मध्ये चिन्यांना जवळजवळ पूर्ण बंदीच झाली, ती १९४७ पर्यंत टिकली. सरकारने माफी मागितली ती २००६ मध्ये. बायकोला आणायचे म्हणजे काही वर्षांची कमाई. मग बहुतेकांची बायको समुद्रापलीकडेच राहिली. या माणसांनी फोटो काढवले ते तिकडे पाठवायला. मी सुचवते आहे ते एवढेच: त्यांची नावे हरवली त्याला हलगर्जी अभिलेखपाल किंवा निष्काळजी छायाचित्रकार कारणीभूत नाही. संध्याकाळी दिव्याखाली अल्बम उघडून 'हे तुझे आजोबा' म्हणणारे घरच त्यांना त्या गावात होऊ दिले गेले नाही. हॉय नशीबवान, त्याचा संसार क्वेनेलमध्ये झाला, म्हणून त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे.

रोलाँ बार्थने आईचा लहानपणचा फोटो आपल्या पुस्तकात छापला नाही, कारण इतरांना त्यात काही दिसणार नाही असे त्याला वाटले. मी हा मुद्दा वर्गात वर्षानुवर्षे मोठ्या आवेशाने शिकवला आहे. आमच्या वाईच्या घराच्या ओटीवर १९४१ साली काढलेला तेरा माणसांचा फोटो मात्र कपाटात तसाच होता. तेराही नावे माहीत असलेली एकच व्यक्ती उरली होती, माझी आत्या. 'दिवाळीत निवांत बसू आणि लिहून घेऊ' असे मी तिला तीन दिवाळ्या म्हणत आले. चौथ्या दिवाळीआधी तिला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. तरी मी फोटो तिच्यापुढे धरला. तिने डाव्या हाताचे बोट एकेका चेहऱ्यावर ठेवले. ओठ हलत होते. तेराव्या चेहऱ्यापर्यंत ती गेली, आणि मग माझ्याकडे पाहत राहिली; सगळे सांगून झाले अशा नजरेने.

आत्या जाऊन आता दोन वर्षे झाली. वर्गातले व्याख्यान झाले, चिनी माणसाच्या चित्राखाली मी 'नाव नोंदलेले नाही' असे लिहिले होते, आणि एका विद्यार्थिनीने विचारले, "म्हणजे कुणी नोंदवायचे होते, बाई?"

घरी येऊन कपाट उघडले. अभिलेखागारात शिकवतात तशी मऊ पेन्सिल घेतली, फोटो पालथा घातला आणि कडेकडेने, दाब न देता, इतर भावंडांकडून गोळा झालेली नऊ नावे लिहिली. दोन नावांपुढे प्रश्नचिन्ह आहे. उरलेल्यांपैकी तिघांची नुसती जागा नोंदवली. चौथीसाठी लिहिले: मागची रांग, डावीकडून दुसरी, नऊवारी, कडेवर मूल, आत्याचे बोट हिच्यापाशी सर्वांत जास्त वेळ थांबले होते.