पथ्य मी मोडलं नव्हतं

“दही खाल्लं असणार तुम्ही. नाहीतर लोणचं. त्याशिवाय असं होत नाही.”

माणसांनी भरलेल्या बाकड्यांसमोर वैद्यांनी मला हे ऐकवलं, ते साल २०१९, डिसेंबर महिना. बायको शेजारीच उभी होती. दहा महिने आमच्या घरात दुधाला विरजण लागलं नव्हतं. मला मोह नको म्हणून पोरांनीसुद्धा ताक सोडलं होतं. ती तिथे काही बोलली नाही. एसटीत घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली, आणि फाट्यावर उतरल्यावर म्हणाली, “निदान तुमचं तोंड तरी बघायचं होतं त्यांनी.” आजाराचा राग कधीच निवला. वैद्यांच्या त्या बोलण्याचा अजून निवलेला नाही.

आम्ही निफाड तालुक्यातले, साडेतीन एकर द्राक्षबाग. सोरायसिस बत्तिसाव्या वर्षी निघाला. आधी कोपरं, मग गुडघे, मग टाळू. लाल चट्टा, वर चंदेरी पापुद्रा. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे गावाला पटवण्यात दोन वर्षं गेली. निफाडची थंडी महाराष्ट्राला माहीत आहे. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून आम्ही पहाटे बागेत शेकोट्या करतो. त्याच पहाटे माझी कातडीही तडकते. कात्री धरायला मूठ वळली की बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडतात आणि त्यात रक्ताचे थेंब साचतात. काडीचा साधा ओरखडा उठला तरी दहा-पंधरा दिवसांत त्याच रेघेवर चट्टा येतो. रेघ वाकडी असेल तर चट्टाही वाकडा.

त्या वैद्यांकडे २०१८च्या दिवाळीनंतर गेलो. राखाडी पावडर, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या साठ पुड्या, महिन्याचे दीड हजार. दोन वेळा मधातून घ्यायची. औषधाचं नाव विचारलं तर म्हणाले, “घराण्याचं आहे.” पंधरा दिवसांत पापुद्रे गळाले. महिन्याभरात कोपरं साफ. मे महिन्यात भाचीच्या लग्नात मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला, अकरा वर्षांत पहिल्यांदा. भूक वाढली, गाल भरले. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. मलाही तेच वाटलं.

सप्टेंबरच्या शेवटी गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, लागली. छाटणी, मग काड्यांना पेस्ट, मग पोंगा, म्हणजे कोंब, फुटायच्या आत फवारण्या, यात पुड्या आणायला जाणं तीन आठवडे राहिलं. चौथ्या आठवड्यात अंग पेटलं. चट्टे नव्हेत, डोक्यापासून पायापर्यंत एकच लाल कातडी. ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन गोधड्या घेऊन मी कुडकुडत होतो. सकाळी चादर झटकली की सूपभर कोंडा निघायचा. नाशिकला दवाखान्यात दाखल केलं तेव्हा साखर दोनशे साठ निघाली. आधी मला साखर नव्हती.

त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, “भाऊ, पुडी कसली घेत होता?” मी म्हणालो, “आयुर्वेदिक. तिला साइड इफेक्ट नसतो.” ते रागावले नाहीत. गुबगुबीत गाल, वाढलेली साखर आणि औषध एकदम थांबल्यावर असं उसळणं, हे पोटातून घेतलेलं स्टेरॉइड अचानक तोडल्यासारखं दिसतंय, असं त्यांनी समजावलं. पुडी तपासायला एकही शिल्लक नव्हती. त्यामुळे पुरावा माझ्याकडे नाही, हे मी कबूल करतो. मी खाटेवर पडलेलो आणि बाहेर तो अवकाळी पाऊस, ज्यात जिल्ह्यातली द्राक्षं गेली. आमच्या दोन एकरांवर डाऊनी रोग बसला. फवारणी धाकट्या भावाने एकट्याने ओढली.

बरा झाल्यावर मी वैद्यांशी भांडायला गेलो नव्हतो. पुडीत काय होतं, एवढंच विचारायला गेलो होतो. उत्तर मिळालं ते पथ्याचं. पथ्य खरंच मोडलं असतं तर मान खाली घालून परत आलो असतो. रोग्याच्या जिभेवर खापर फोडलं की औषधाला कुणी जाब विचारत नाही. कंपनीच्या बाटलीवर घटक छापावे लागतात. पण १९४०च्या औषध कायद्यात स्वतःच्या रोग्यांसाठी औषध बनवणाऱ्या वैद्याला परवान्यातून सूट आहे. ती सूट प्रामाणिक वैद्यासाठी ठेवलेली असणार. तिच्या आडोशाला कोण काय बांधून देतं, हे कोण बघतं?

एवढं होऊनही मी आयुर्वेद सोडला नाही. बायकोला हे पटत नाही. आता नाशिकच्या एक वैद्यबाई बघतात. प्रत्येक औषधाचं नाव कागदावर लिहितात: पंचतिक्त घृत, महामंजिष्ठादि काढा, अंगाला करंज तेल. आरोग्यवर्धिनीच्या गोळीत पारा आणि ताम्रभस्म असतं, म्हणून डॉक्टरांची आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट चालू होती तोवर त्यांनी आरोग्यवर्धिनी बंद ठेवली. यकृताची तपासणी केल्याशिवाय पुढचा कागद लिहीत नाहीत. हिवाळ्यात कोमट पाण्याने आंघोळ आणि अंग ओलसर असतानाच तेल, एवढ्यानेच चिरा निम्म्या झाल्या. शिकरण बंद, कारण दूध आणि केळं हे विरुद्ध अन्न.

अडचण वेगळीच आहे. शरीरशुद्धीबद्दल शास्त्र सांगतं, वमन वसंतात, विरेचन शरदात. वसंतात आमची खरड छाटणी, शरदात गोडी. विरेचन म्हणजे आधी पाच दिवस पहाटे वाढत्या मात्रेने औषधी तूप, मग तीन दिवस अंगाला तेल आणि वाफ, मग जुलाब, मग आठवडाभर पेज आणि मुगाचं कढण. हे दोन आठवडे द्राक्षवाल्याने कुठून आणायचे? चार वर्षांत दोनदाच जमलं. जमलं त्या वर्षीची थंडी सोसवली. विरेचनाने की औषधांनी, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आणि एक खरं सांगतो. त्या पुड्यांच्या महिन्यांत होती तितकी साफ कातडी मला त्यानंतर कुणीच दिली नाही. लग्नातला तो शर्ट मी ठेवून दिलाय.

यंदाही विरेचन राहिलं. कोपरांवर रुपयाएवढे दोन चट्टे आहेत. ते वैद्य अजून गुरुवारी बसतात, आणि बाकडी भरलेली असतात. तिथे किंवा तसल्या कुठेही जाणार असाल, तर औषधाचं नाव कागदावर लिहून मागा. दिलं नाही तर उठून या. आणि अशी पुडी आधीच चालू असेल तर मनाने एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, आणि एक पुडी जपून ठेवा.