दिल्लीची वही

दिल्ली पाहायला जायचे असे आमच्या घरी ठरले, त्याच दिवशी मी केदारखेड्यातल्या दुकानातून शंभर पानी वही विकत आणली. पहिल्या पानावर ‘दिल्ली’ असे लिहिले आणि खाली रेघ ओढली. आमच्या गावची माणसे प्रवासाला निघत नाहीत, असे नाही. अंगारकीला ती राजूरच्या गणपतीला जातात, आषाढीला पंढरपूर गाठतात, आयुष्यात एकदा काशी करून येतात. या प्रवासांना आराखडा लागत नाही. देव ठरलेला असतो, तिथी ठरलेली असते आणि वाट मागच्या पिढ्यांनी पाडून ठेवलेली असते. राजधानीचे तसे नाही. तिथे काय पाहायचे हे ज्याचे त्याला ठरवावे लागते, आणि ते ठरवताना आपल्याला नेमके काय हवे आहे तेही उघड होते. आमच्या वहीने हे काम प्रवासाआधीच केले.

सुरुवात तारखेपासून झाली. शेतकऱ्याच्या घरात सुटी नसते. दोन पिकांच्या मधली फट असते. मका आणि सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे घरी येतात, कापसाच्या वेचण्या त्यानंतरही चालू राहतात, आणि हरभरा-गहू काढणीला येतात ते फाल्गुनाच्या सुमारास. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुके पडते आणि गाड्या तासन्‌तास रखडतात. एप्रिलनंतरच्या उन्हात आईला फिरवणे शक्य नव्हते. उरला तो फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. जालन्याहून सचखंड एक्स्प्रेस मनमाड, भुसावळ, भोपाळ करत थेट नवी दिल्लीला जाते; प्रवास साधारण एका दिवसाचा आणि एका रात्रीचा. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, म्हणून ती तारीख उलटी मोजून काढली. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, राष्ट्रपती भवन पाहायचे तर आधी नोंदणी करावी लागते, अशी टिपणे पानाच्या कडेला चढली. सर्वांत अवघड रकाना खर्चाचा होता. अण्णांनी चष्मा लावून बेरीज पाहिली आणि म्हणाले, “एवढ्या पैशात एका एकराचं ठिबक होतंय.” त्यांचे म्हणणे चूक नव्हते. मला उत्तर देता आले नाही. मी फक्त तो आकडा तसाच ठेवला.

ठिकाणांच्या पानावर मात्र घरातल्या सगळ्यांचे हात पडले. अण्णांना लाल किल्ला हवा होता, मुलीला मेट्रोत बसायचे होते. मी ‘कुतुबमिनार’ लिहिले आणि लिहिताना थबकलो. दौलताबादचा चाँद मिनार आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. शाळेच्या सहलीत तो एकदाच पाहिला होता, आणि आता आठवत होता तो फक्त किल्ल्यातला अंधारा मार्ग. १३२७ च्या सुमारास मुहंमद बिन तुघलकाने याच देवगिरीला राजधानीचा मान दिला आणि दिल्लीतल्या अमीर-उमरावांना, विद्वानांना, सुफींना बिऱ्हाड पाठीवर घेऊन इकडे यावे लागले. दिल्ली ते दौलताबाद ही वाट चाळीस दिवसांची, असे इब्न बतूताने नोंदवले आहे. काही वर्षांनी राजधानी परत दिल्लीला गेली. शाळेत आम्ही हा धडा एका लहरी सुलतानाची गोष्ट म्हणून हसत हसत पाठ केला होता. सामानाची यादी करताना, आईच्या गुडघ्यांच्या तेलाची बाटली कोणत्या पिशवीत ठेवावी याचा विचार करताना, प्रथमच मनात आले की त्या चाळीस दिवसांच्या वाटेवर कोणाची तरी म्हातारी आई असणारच. तिला कोणी विचारले नसणार.

दुसरी नोंद याहून जवळची निघाली. दिल्लीचा थोडा इतिहास हाताशी असावा म्हणून मी सनावळ्या उतरवून घेत होतो. ११ सप्टेंबर १८०३ : दिल्लीजवळ पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. तोवर शिंद्यांच्या संरक्षणाखाली असलेला बादशहा शाहआलम इंग्रजांच्या हाती गेला. त्यानंतरची तारीख पुस्तकात पाहावी लागली नाही. २३ सप्टेंबर १८०३ : असईची लढाई. असई हे आमच्याच भागातले गाव. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची छावणी भोकरदनपासून असईपर्यंत केळणेच्या काठाने पसरलेली होती. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, त्या दिवशी नळणीपर्यंत आला होता. तिथून निघून त्याने केळणा ओलांडली आणि केळणा व जुई यांच्या बेचक्यात लढाई दिली. जिंकलेल्या पक्षाचीच दीड हजारांवर माणसे त्या दुपारी मेली किंवा जखमी झाली.

म्हणजे लाल किल्ल्याच्या धन्याचा आणि आमच्या ओढ्याकाठच्या शेतांचा निकाल बारा दिवसांच्या अंतराने, एकाच युद्धात लागला होता. नळणीला आम्ही लग्नकार्याला जातो. तिथे हे कधी कोणाच्या बोलण्यात आल्याचे आठवत नाही. सप्टेंबर म्हणजे खरिपाच्या उभ्या पिकाचे दिवस. तोफांचे बैल आणि घोडदळ ज्या शेतांतून गेले त्या शेतांचे मालक कोण होते, हे मी वाचलेल्या कोणत्याही वर्णनात नाही. दिल्ली दूर आहे, असे आपण सहज म्हणतो. जाताना ती दूर असते. येताना मात्र ती फार लवकर पोहोचते, आणि आपल्याला न विचारता पोहोचते.

हे सारे मी एका रात्री घरात वाचून दाखवले. आई वाती वळत बसली होती. तिच्या पसंतीचे एकही ठिकाण अजून वहीत नव्हते. विचारले तेव्हा ती आधी म्हणाली, “तुम्ही दावाल ते पाहीन.” मग हातातली वात खाली ठेवून म्हणाली, “मला ते घर दाव, जिथं आमच्या खुर्चीचा कायदा झाला.”

कोणती खुर्ची, हे अण्णांना किंवा मला विचारावे लागले नाही. त्या काळी आमचे बिऱ्हाड पूर्णेपलीकडच्या एका लहान गावात होते. तिथल्या पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि आई सदस्य म्हणून निवडून आली. सभेला मात्र अण्णा जात. सभेची नोटीस घरी आली की मी ती वाचत असे, आणि वाचत असे ती अण्णांना. मी तेव्हा आठवी-नववीत होतो. ज्याच्या नावाने कागद आला त्याला तो आधी वाचून दाखवावा, हे मला कोणी शिकवले नव्हते. पण ते सुचायलाही हरकत नव्हती. आई अक्षरे गिरवून सही शिकली होती. कागदावर बोट ठेवले जाई तिथे ती सही करी.

चौथ्या वर्षी एकदा तिने पेन खाली ठेवले आणि मला म्हणाली, “आधी वाच.” ठराव हातपंपाचा होता. पंपासाठी धरलेली जागा वस्तीपासून लांब, अण्णांच्या एका स्नेह्याच्या शेताला लागून होती. आईने सही केली नाही. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन ती स्वतः सभेला गेली. तिथे ती काय बोलली ते तिने कधी सांगितले नाही. पंप वस्तीजवळ बसला. उरलेल्या काळात तिने एकही सभा चुकवली नाही आणि अण्णा एकाही सभेला गेले नाहीत. यावर घरात कधी बोलणे झाले नाही.

आईला पाहायचे होते ते जुने संसद भवन. एडविन लुटेन्स आणि हर्बर्ट बेकर यांनी आखलेली ही वर्तुळाकार, १४४ खांबांची वास्तू १९२७ मध्ये खुली झाली. ग्रामपंचायतीतल्या किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारी ७३वी घटनादुरुस्ती याच वास्तूत डिसेंबर १९९२ मध्ये संमत झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. २०२३ मध्ये संसदेचे कामकाज शेजारच्या नव्या इमारतीत गेले. जुनीला आता संविधान सदन म्हणतात. त्याच वर्षी लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी दुरुस्तीही संमत झाली. ती जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू व्हायची, असे तिच्यातच लिहिलेले आहे. मी आईला सांगितले, की गावातल्या बाईला खुर्ची दिल्यावर संसदेला स्वतःच्या खुर्च्यांचा विचार करायला तीस वर्षे लागली. ती म्हणाली, “पंगतीला वाढणारा शेवटी जेवतो, तसं दिसतंय.”

चौकशी केली तेव्हा कळले, की अधिवेशन चालू असताना प्रेक्षक सज्जात बसून कामकाज पाहता येते. त्यासाठी पास लागतो आणि पासाच्या अर्जावर एका खासदाराची सही लागते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्थसंकल्पी अधिवेशन असते, म्हणजे आमची तारीख जुळत होती. पास मिळालाच नाही तर विजय चौकात उभे राहून ते गोल घर जेवढे दिसेल तेवढे पाहायचे, हेही वहीत लिहिले. ठिकाणांची यादी मी नव्याने केली. आईचे घर पहिल्या ओळीवर आले. लाल किल्ला दुसऱ्या दिवशी गेला, आणि अण्णांनी त्याला हरकत घेतली नाही.

अर्जासोबत द्यायची माहिती मी कागदावर लिहून काढली आणि सहीसाठी आईपुढे धरली. तिने पेन घेतले नाही. “वाच,” म्हणाली. मी वाचले : नाव, वय, पत्ता. मग ‘व्यवसाय : गृहिणी’. आई काही बोलली नाही. ओट्यावर बसलेल्या अण्णांनी मान न वळवता सांगितले, “तसं नको. माजी ग्रामपंचायत सदस्य, असं लिही.”

मी नवा कागद घेतला, सगळे पुन्हा लिहिले आणि सहीआधी पहिल्या ओळीपासून तिला वाचून दाखवले.