रुमालाआडचा 'सा'

गेल्या रमजानआधी माझा वरचा, समोरचा दात पडला. नांदेडच्या इतवाऱ्यात २८ वर्षं लेकरांना नूरानी कायदा, म्हणजे अरबी वाचनाचं पहिलं पुस्तक, शिकवतोय. दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली. रमजानातल्या तरावीहच्या नमाजीत कुराण पढल्यावर लोकांकडून कौतुक ऐकायची चटक होती. म्हणून सबक, म्हणजे धडा, देताना तोंडावर रुमाल धरू लागलो.

'सीन', 'साद' आणि 'सा' ही अरबीतली तीन अक्षरं. आपल्या मराठी-दखनी जिभेला तिन्ही एकच 'स'. 'सा'ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला हलकं टेकावं लागतं. इस्म 'सीन'नं म्हटलं तर नाव, 'सा'नं म्हटलं तर गुनाह. 'सा' या एका हर्फानं मला आयुष्यभर छळलंय. आरसा दिला, शंभरदा म्हणवून घेतलं. सुटा येतो, शब्दात आला की लेकरू पुन्हा 'सीन'वर घसरतं.  

एके दिवशी सात वर्षांची एक पोर पुस्तक ठेवायच्या रेहलीसमोर बसली, ओढणीचं टोक तोंडावर धरलं, मग पढू लागली. शेजारच्यानं तळहात धरला. त्यांना वाटलं, 'सा' असाच निघतो.

माझी मुलगी लातूरला डी.एड.ला आहे. तिला हे सांगितलं, तेव्हा तिनं मानसशास्त्रज्ञ बंडुरा यांचा १९६१चा प्रयोग सांगितला. मोठ्या माणसानं बाहुलीला बडवलेलं लेकरांनी पाहिलं आणि कुणी न शिकवता तसंच केलं. "अब्बा, नमाज मी तुमच्या शेजारी उभी राहूनच शिकले ना?" मला पढताना पाहिलंत तशीच नमाज पढा, हे तर खुद्द पैगंबरांचं सांगणं. मी ते नमाजपुरतंच धरून बसलो होतो.

त्याच १९६१ साली इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात अख्ख्या कुराणाचं ध्वनिमुद्रण आलं. आज ते मोबाइलवर आहे. आईबाप विचारतात, मग शिकायला मकतबात कशाला पाठवायचं? हुसरींचा 'सा' माझ्याहून कितीतरी साफ. पण त्या आवाजात जीभ दिसत नाही, असं मी ठासून सांगायचो. आणि इथं समोर बसून मीच तोंड झाकलं होतं.

आता रुमाल खिशात असतो. एका दहा वर्षांच्या पोराचा 'सा' साफ निघतो. त्याला ओळीसमोर बसवतो. सगळी त्याच्या तोंडाकडे बघतात. इतकी वर्षं ती नजर माझी होती. आत कुठंतरी टोचतं. हर्फ उमटला की तो वळून विचारतो, "हाफिजसाब, बरोबर?"

मी तोंड उघडून 'सा' म्हणून दाखवतो. फटीतून हवा सुटते. लेकरं बघत राहतात.