बेशरम

प्रतापगड म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं लगेच वाघनखं चमकतात. ‘अफझलखानाची कबर पाहिलीत का हो?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. मग सांगावं लागतं, की बाबांनो, तो साताऱ्याचा. मी म्हणतो तो गोंदिया जिल्ह्यातला, आमच्या सासुरवाडीच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. इथं कुणी कुणाचा कोथळा काढलेला नाही. उलट एकाच डोंगराच्या आसऱ्याला महादेवही आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही. शिवरात्रीला यात्रा, उरुसाला गर्दी. जवळच तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. हिमालयापलीकडची ती माणसं इथल्या मे महिन्यात कशी टिकली, ते त्यांच्या बुद्धालाच ठाऊक!

पण या मुलखाचं खरं दैवत म्हणजे तळं. डोंगर उतरून कुठल्याही दिशेला निघा, तळं आडवं येतंच. पूर्व विदर्भात अशी साडेसहा हजारांहून अधिक तळी आहेत. सरकारी कागदांत त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. नाव ऐकून भाच्यांनी हुरळून जाऊ नये. मामा म्हणजे माजी मालगुजारी. यातली कित्येक कोहळी समाजानं बांधली. नवेगावचं मोठं तळं तर कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधलं, असं सांगतात. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तळी सरकारची, म्हणजे सर्वांची झाली. सर्वांची वस्तू झाली की तिचं काय होतं, हे सार्वजनिक नळाची तोटी पाहिलेल्याला सांगायला नको. पाळी खचल्या, गाळ साचला आणि त्या गाळात बेशरम शिरली.

बेशरम ही शिवी नव्हे, वनस्पती आहे. माहेर दक्षिण अमेरिका. फुलं गुलाबी-जांभळी, दिसायला मोठी लाघवी. पण काडी मोडून फेकली तरी तिथं रुजते आणि शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. दर दिवाळीला आमच्याकडे मुक्कामाला येणारे एक गृहस्थ याच कुळातले असावेत, असा माझा वहीम आहे. ही बाई एकदा तळ्यात बसली की घरच्या पाणवनस्पतींना बाहेर काढते. मग माशाला अंडी घालायला जागा नाही, आणि मासा नाही म्हणून ढिवराच्या जाळ्यात चिखल. जाळं रिकामं राहिलं की घरातली पोरं कामासाठी परमुलखाची वाट धरतात. फुलं मात्र छान दिसतात.

या बेशरमीच्या मुळावर उठलेली मंडळी म्हणजे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ. निसर्गप्रेमी म्हणजे गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, डब्यात बटाट्याची भाजी आणि दर पाच मिनिटांनी ‘अहाहा!’ अशी आपली सर्वसाधारण समजूत. या मंडळींनी आधी ढिवरांना विचारलं, की पूर्वी तळ्यात काय काय उगवत होतं आणि कोणता मासा कुठं राहत होता. परीक्षा न घेता नुसतं विचारायचं, ही आपल्याकडे दुर्मिळच गोष्ट. मग गावकऱ्यांच्या साथीनं उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा आणि पाऊस पडला की दुसऱ्या चांगल्या तळ्यातून आणलेल्या पाणवनस्पती लावायच्या. भाताची रोवणी करणाऱ्या बायकांना चिखलाचं भय कसलं? त्यात त्या पुढं.

नवेगावचं राष्ट्रीय उद्यान १९७५ चं. मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांमुळं ते पुण्यामुंबईच्या वाचकांनाही घरचं झालं. तिथं जायचं म्हणून गळ्यात दुर्बीण अडकवून मी वाटेतल्या एका तळ्याच्या पाळीवर उभा होतो. शेजारी एक म्हातारे ढिवर जाळं विणत बसले होते.

‘‘काय आजोबा, इथं पक्षी कोणकोणते येतात?’’

‘‘येतेत नं जी. पन आधी गवत आलं पायजे. गवत आलं का मासा येते, मासा आला का पक्षी येते.’’ मग माझ्या दुर्बिणीकडे सावकाश पाहून म्हणाले, ‘‘आन् पक्षी आला का तुमी येता.’’

जीवसृष्टीतलं माझं स्थान मला इतक्या अचूकपणे आजवर कुणी दाखवलं नव्हतं. पदवीदानात मिळालेल्या सुरळीतसुद्धा ते नाही.

आणि ही साखळी माझ्यापाशी थांबत नाही. या भागातलं पाणी ओढ्यानाल्यांनी गाढवी नदीला जातं, गाढवी वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीला मिळते. म्हणजे राजमहेंद्रीच्या घाटावर कुणी भाविक डुबकी मारतो, त्यात थेंबभर पुण्य अर्जुनी मोरगावचंही असतं. नदी वाचवायची तर घोषणा नदीकाठी द्याव्यात, पण वाकायचं ते वर, तळ्याच्या चिखलात.

हल्ली कुणी ‘निसर्ग पाहायला तुमच्या सासुरवाडीला येऊ का?’ असं विचारलं, की मी म्हणतो, ‘‘अवश्य या! फक्त मे महिन्यात या, आणि दुर्बिणीऐवजी कुदळ आणा.’’

मंडळी हसतात, मान डोलावतात आणि डिसेंबरात दुर्बिणी घेऊन हजर होतात. बेशरम उपटणं काही सोपं काम नाही.